थाळी दिसेनाशी होते तिथे

टेबलावर शिफारशीचा कागद होता. त्यावर चार नावे छापलेली होती. पहिल्या नावापुढे अध्यक्ष बद्रीनाथांची ठसठशीत सही होती, आणि दुसऱ्या नावापुढची जागा तशीच ठेवून जहांआरा बाईंनी पेनाला टोपण लावले होते. "माझी सही नाही," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. त्यानंतर जुन्या पंपघराच्या त्या खोलीत छताचा पंखा तेवढा फिरत राहिला, आणि खिडकीबाहेर हत्तीतलावाचे चैत्रातले पाणी, कुणाचीही बाजू न घेता, उन्हात लकाकत राहिले.

नऊ वर्षांत असे प्रथमच घडत होते. हत्तीतलाव नागरिक सल्लागार समितीत भांडणे पुष्कळ झाली होती. चहा कुणी सांगायचा इथपासून ते गणपती कुठे विसर्जित करायचे इथपर्यंत. पण बद्रीनाथांच्या सहीखाली जहांआरा बाईंची सही नाही, असा एकही कागद आजवर पालिकेत गेला नव्हता.

"मॅडम, एखादा शब्द खटकत असेल तर बदलू," पालिकेचे उपअभियंता विश्वजीत म्हणाले. ते तिशीतले, सरळ माणूस. पण त्यांच्या मागे घाई लागलेली होती.

"शब्द खटकत नाहीत, साहेब."

"बाई, हा कागद तुम्हीच टाईप करवून घेतला," बद्रीनाथ त्यांच्याकडे न पाहता म्हणाले.

"घेतला. तेव्हा मला सगळं ठाऊक नव्हतं."

टेबलाच्या कडेला बसलेल्या सखारामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते या तलावातले मासेमार, समितीत पहिल्या दिवसापासून. "मला एक सही तेवढी येती," ते म्हणाले. "ती तरी करू द्या की. म्या घरून सराव करून आलो."

चौथी सदस्य तनुजा, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून जानेवारीतच आलेली, हसली आणि लगेच गप्प झाली.

कागदात दोन मुद्दे होते. दिवाळीनंतर एका ठेकेदाराने तलावात जिवाणूंची पूड टाकायला सुरुवात केली आणि तेव्हापासून पाणी जवळजवळ दीडपट स्वच्छ झाले, म्हणून हीच पूड शहरातल्या इतर तलावांतही वापरावी, हा पहिला. पूड पुरेशी असल्यामुळे नाल्याच्या मुखाशी असलेली पाणकणसाची, पाणी गाळणाऱ्या उंच पाणगवताची, पट्टी काढून तिथे काँक्रीटचा चालण्याचा मार्ग करायला समितीची हरकत नाही, हा दुसरा. समिती नेमण्याच्या ठरावातच एक ओळ होती: चारही सदस्यांच्या लेखी शिफारशीशिवाय तलावाच्या काठात बदल होणार नाही. त्या एका ओळीवर नऊ वर्षे हा काठ उभा होता. आणि विश्वजीत येतानाच सांगून चुकले होते की, ज्या समितीचे आपसांत जमत नाही ती ठेवायची की नव्याने नेमायची, असा विषय वर निघालेला आहे.

ती पट्टी समितीनेच लावली होती. नाला तेव्हा काळाकुट्ट होऊन तलावात शिरायचा. जहांआरा बाईंच्या माहेराजवळच्या, खुलताबादच्या ओढ्यातून पाणकणसाचे गड्डे टेम्पोत घालून आणले, आणि निवृत्त शिक्षिका, कारखान्यातला निवृत्त तपासनीस आणि भोईवाड्यातली माणसे मांडीभर गाळात उभी राहून दोन आठवडे ते रोवत राहिली. बद्रीनाथांची एक चप्पल अजून त्या गाळात आहे. सहा वर्षे पट्टीने नाला गाळला. मग आकडे घसरू लागले, आणि पट्टी थकली असे बद्रीनाथांनीच एका बैठकीत सांगितले. घरातल्या म्हाताऱ्या बैलाविषयी बोलावे तशा आवाजात सांगितले होते.

आकडे म्हणजे थाळीचे आकडे. समितीचा सगळा मान त्या थाळीत होता. जहांआरा बाईंच्या स्वयंपाकघरातली तामचिनीची पांढरी थाळी, तिचे दोन चतकोर काळे रंगवलेले, खाली शिशाचे वजन, आणि बद्रीनाथांनी पोलादी टेपने मापून सेंटिमीटरच्या खुणा केलेली दोरी. दर बुधवारी दुपारी बाराला तलावातल्या दगडी बुरुजावरून ती पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते तिथे 'थांब' म्हणायचे आणि दोरीवरची खूण वाचायची. पाणी जितके स्वच्छ तितकी थाळी खोल जाते. दोरी धरणारा मागे उभा असे. पाण्यावर वाकून पाहणारा माणूस मात्र नऊ वर्षांत एकच. वाळूजच्या कारखान्यात बद्रीनाथांनी एकतीस वर्षे सुटे भाग तपासले होते. दोन माणसांनी मोजले की माप भटकते, हा तिथला धडा त्यांनी इथे आणला आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिला: एक माप, एक माणूस. ते बाहेरगावी गेले तर त्या बुधवारची ओळ कोरी राही. पालिकेच्या अहवालांत खाडाखोड असे, प्रयोगशाळेचे कागद हरवत. हत्तीतलावाच्या वहीत तसे काही सापडणार नाही, असे लोक म्हणत आणि बद्रीनाथ ते ऐकून न ऐकल्यासारखे करत.

मंगळवारी जहांआरा बाई स्वतःचे डोळे दाखवायला गेल्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर मांडीत फाईल घेऊन आवडाबाई बसलेल्या दिसल्या, बद्रीनाथांच्या पत्नी.

"तुमचे डोळे?" बाईंनी विचारले.

"माझे कशाचे. मला सुईत दोरा ओवता येतो अजून," आवडाबाई जवळ सरकल्या. "ह्यांचे. उजवा झाला की दिवाळीनंतर, मोतीबिंदूचा. पिशोरला मका काढायला जातो म्हणून सांगितलं ना सगळ्यांना, ते पंधरा दिवस घरातच होते, हिरवी पट्टी लावून. आता डाव्याची तारीख घ्यायला मला धाडलंय. स्वतः आले तर कुणी बघंल." मग थोडे थांबून त्या म्हणाल्या, "बोलू नका बरं कुठं. तपासनीसाचे डोळे गेले म्हणतील, ह्याचाच धसका."

जहांआरा बाई हसल्या, आणि रिक्षात बसेपर्यंत हसतच होत्या. मग हसू कुठेतरी मागे राहिले. घरी येऊन त्यांनी नोंदवहीची प्रत उघडली. दोन वर्षांपूर्वी थाळी पंच्याऐंशीवर दिसेनाशी होत होती. मग सत्तर, मग साठ, गेल्या दिवाळीला सत्तावन्न. त्यानंतर दोन कोऱ्या ओळी. पुडीचे पहिले पोते अठरा नोव्हेंबरला पाण्यात पडले, आणि वीस नोव्हेंबरच्या बुधवारी, बद्रीनाथ बुरुजावर परतले त्या दिवशी, थाळी एक्क्याण्णवला गेली. दोन दिवसांत कोणतेही जिवाणू एवढे काम करत नाहीत, हे पस्तीस वर्षे मुलींना रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईंना तेव्हाच कळायला हवे होते.

त्यांना बोचले ते वेगळेच. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्या दर महिन्याला स्वतः मोजत. त्या दोन वर्षांत तो जराही उतरला नव्हता. थाळी सांगत होती, तलाव खचतो आहे. त्यांच्या बाटलीतला निळा रंग सांगत होता, तलाव ठीक आहे. त्यांनी थाळीवर विश्वास ठेवला, आपली रसायने जुनी झाली असतील म्हणून ती ओतून टाकली आणि नवी विकत आणली. नव्यांनीही तेच सांगितले, तेव्हा त्यांनी आपल्या हाताला दोष दिला. बद्रीनाथांच्या नजरेविषयी शंका घ्यावी हा विचार मनाच्या दारापर्यंतसुद्धा आला नाही. माणसाविषयीचा आदर कधी कधी अशा जागी उभा राहतो की पलीकडचे दिसत नाही.

तीन दिवसांत तीनदा त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. गुपित त्यांचे नव्हते. पण सही त्यांची होती.

"थाळी पुन्हा सोडू या," आता त्या म्हणाल्या. "आत्ताच. बारा वाजायला आलेत. तनुजा बघेल, सखाराम बघतील, साहेबही बघतील. मग बोलू."

बद्रीनाथांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिले. "म्हणजे माझा आकडा खोटा?"

"खोटा म्हटलं का मी?"

"नाय म्हटलं. पण बुरुजावर वऱ्हाड न्यायला निघालात."

तरीही ते उठले. कपाटातून थाळी काढून त्यांनी ती रुमालाने पुसली, जशी दर बुधवारी पुसत तशीच, आणि दोरी तनुजाच्या हातात दिली.

बांधावर ऊन सपाट पसरले होते. विश्वजीत आणि सखाराम पुढे गेले, तनुजा त्यांच्यामागे. जहांआरा बाईंची चाल हळू, आणि बद्रीनाथ रागात असले तरी त्यांना मागे टाकून जाणारे नव्हते.

"मंगळवारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसाठी."

बद्रीनाथ काही पावले तसेच चालले.

"आवडा भेटली?"

"भेटल्या."

"बोलली?"

"मी विचारलं नव्हतं, भाऊ."

पाणकणसाच्या तुऱ्यांतून एक लहानसा पक्षी उडाला आणि पुन्हा तिथेच बसला. बद्रीनाथ थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हिशेब चालू असलेल्या माणसाचे रितेपण होते.

"पूड कोणत्या तारखेला पडली?"

"अठरा."

"आणि म्या वीसला बुरुजावर आलो." ते पाण्याकडे वळले. "व्हय. म्हणजे दोन साल म्या ह्या तळ्याला बदनाम केलं. पट्टी थकली म्हणालो. माझ्या तोंडानं म्हणालो."

"तुम्ही एकट्यानं नाही. माझा प्राणवायू खरं सांगत होता, आणि मी रसायनं मोरीत ओतली."

"आत का नाय बोललात? समद्यांसमोर मोकळं झालं असतं."

"ते तुमचं आहे. सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा."

"आणि नाय सांगितलं तर?"

"तर मी सही करणार नाही. कारणही देणार नाही."

"मग समिती मोडंल."

"मोडू दे."

ते बोलून झाल्यावर जहांआरा बाईंना स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. त्या समितीसाठी त्यांनी मुलीच्या बाळंतपणातून दोन दिवस काढून बैठक घेतली होती.

सगळे बुरुजावर पोहोचले. सावलीच्या बाजूला कठड्यावरून तनुजा वाकली; सखारामांनी दोरी सोडली.

"थांबा," ती म्हणाली.

"चौऱ्याण्णव," सखारामांनी खूण वाचली.

मग सखाराम वाकले: ब्याण्णव. विश्वजीतांनी गॉगल काढून पाहिले: त्र्याण्णव. बद्रीनाथांचा या बुधवारचा आकडा ब्याण्णव होता.

विश्वजीतांनी मोकळा श्वास सोडला. "मॅडम, मग वाद कशाचा? काकांचा आकडा अगदी बरोबर आहे. उलट तिघांनी मिळून तो सिद्ध केला."

हे असेच होणार, हे जहांआरा बाईंना ठाऊक होते; बांधावर बद्रीनाथांशी एकट्याने बोलता यावे, एवढ्यासाठीच त्यांनी सगळ्यांना बाहेर काढले होते. आजचा आकडा खराच होता. खोट होती ती जुन्या आकड्यांत, आणि त्यांना साक्षीदार एकच. आता बद्रीनाथांनी फक्त मान डोलवायची होती. सन्मान त्यांच्या हातावर आयता ठेवलेला होता. बोटे मिटायचा अवकाश. त्यांच्या कमावलेल्या नावाला, त्या कारखान्यातल्या एकतीस वर्षांना, वहीच्या पहिल्या पानाला कुठेही ओरखडा उठणार नव्हता. पट्टी जाणार होती एवढेच.

"थांबा जरा," बद्रीनाथ म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कठड्याशी गेले आणि उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबून धरला. "तनुजा, दोरी घे. सोड हळूहळू. साहेब, तुम्ही माझ्या शेजारी वाका."

दोरी सरकू लागली. थाळी पाण्यात शिरली, हिरवट झाली, डळमळली.

"थांब."

"पण काका," विश्वजीत म्हणाले, "थाळी अजून दिसतेय. स्पष्ट दिसतेय."

"तुम्हाला दिसती. मला नाय. तनुजा, खूण वाच. मोठ्यानं वाच."

"छप्पन्न, काका."

"वर घे. पुन्हा सोड."

दुसऱ्यांदा अठ्ठावन्न आले. मग त्यांनी हात बदलला, डावा डोळा झाकला, आणि दोरी सरकत सरकत ब्याण्णववर थांबली. पाणी तेच होते, थाळी तीच, दोरी तीच.

बद्रीनाथ सरळ उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. कारखान्यात मोठ्या साहेबांसमोर नाकारलेला माल दाखवताना करत असावेत तसा. "उजवा दिवाळीनंतर उघडला. मोतीबिंदू होता. डावा अजून आहे. दोन साल दोन्ही असेच होते, आणि म्या ते लपवलं. पिशोरला गेलो नव्हतो. मका भावानं काढली. पाणी खराब झालं नव्हतं. माझी नजर खराब झाली होती, आणि म्या ती तळ्याच्या नावावर लिहीत होतो."

पहिले सखाराम बोलले.

"माशांना इचारायचं होतं, अध्यक्षसाहेब. दोन साल रोहू लई चांगला उतरत व्हता. म्या सांगितलं तर तुमी म्हनायचे, सखाराम, मासा नको सांगू, आकडा सांग."

"म्हणालो होतो," बद्रीनाथ म्हणाले. "चारचौघांत म्हणालो होतो. आता चारचौघांत ऐकून घेतो."

"ऐकून घ्या मग. अजून दोन-चार हायेत मनात, पुढच्या बैठकीला आनतो."

तनुजा दोरी गुंडाळायची विसरून उभी होती. "म्हणजे पट्टी थकली नव्हतीच," ती सावकाश म्हणाली. "ती पहिल्यापासून तेवढंच काम करतेय. पूड पडायच्या आधीही."

"तेवढंच," जहांआरा बाई म्हणाल्या. "प्राणवायूचे आकडे तेच सांगत होते. मीच ऐकलं नाही."

तेव्हा कुठे त्यांनी पट्टीकडे नीट पाहिले. नाल्याच्या मुखाशी चाळीस पावले रुंद, वाऱ्यावर एकाच दिशेने झुकणारी, वर तपकिरी तुरे आणि खाली डोळ्यांआड चाललेले मुळांचे अखंड काम. दोन वर्षे तिला निकामी म्हटले गेले होते, काढून टाकायचा कागदही तयार झाला होता, आणि ती शहराचा मळ रोज, शनिवार-रविवार न पाळता, गाळत राहिली होती. आपल्या हातांनी लावलेले काही आपल्या विश्वासाविनाही उभे राहिले, याचा एक खोल अभिमान त्यांच्या छातीत उठला. आणि वही? वही चुकली होती खरी. पण चूक कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हेही त्याच वहीने, तारीखवार, दोन कोऱ्या ओळींसकट जपून ठेवले होते. बद्रीनाथांनी त्या दोन ओळी अंदाजाने भरल्या असत्या, तर आज काहीच सापडले नसते.

पंपघरात परत आल्यावर बद्रीनाथांनी शिफारशीचा कागद फाडला नाही. त्यावर तिरपी रेघ मारून 'रद्द' लिहिले, खाली सही केली आणि तो फाईलला लावला.

"पुडीचं काय, काका?" विश्वजीतांनी विचारले. त्यांचा आवाज उतरला होता, पण त्यात कुठेतरी आदरही होता. "ती निरुपयोगी म्हणायची?"

"तसं कसं म्हणू? पुडीचं माप झालंच नाय अजून. एक साल मोजू, मग सांगू. पट्टीचं मात्र झालंय, नऊ सालांचं. लिहा बाई."

जहांआरा बाईंनी पेनाचे टोपण काढले. पाणकणसाची पट्टी आहे तिथेच राहावी, ही शिफारस त्यांनी लिहिली. वाचन यापुढे दर वेळी तिघांच्या डोळ्यांनी व्हावे, हेही लिहिले. मग बद्रीनाथांनी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे सरकवली आणि उभ्या उभ्याच सांगू लागले: "वीस नोव्हेंबरच्या आधीच्या दोन सालांतली समदी वाचनं वाचकाच्या दृष्टिदोषामुळं कमी नोंदली गेली. दोष वाचकानं लपवला. वाचक, बद्रीनाथ मोकासे."

"लपवला, हे लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिले. अक्षर एरवीपेक्षा अधिक घोटून आले. सखारामांनी सराव केलेली सही नव्या कागदावर केली आणि ती सगळ्यांना दाखवली. तनुजाने आपली केली. चार नावांपुढे चार सह्या झाल्या. कागद पालिकेत जाण्याजोगा झाला.

बाहेर पायरीवर बद्रीनाथ चप्पल घालत होते. विश्वजीत हातात वही आणि पेन घेऊन त्यांच्यामागे आले. दारातल्या जहांआरा बाईंना ऐकू जाऊ नये इतके हळू ते बोलत नव्हते.

"काका, कागद जाईल. वरच्या साहेबांना मी समजावतो, ती जबाबदारी माझी. फक्त ही वहीतली ओळ. 'उपकरणातील त्रुटी' एवढं लिहिलं तरी नियमात बसतं. आकडे दुरुस्त होतील, पट्टी राहील, सगळं तसंच. उद्या कुणी ह्या पानाचा फोटो काढून पेपरात दिला तर लोक काय बोलतील तुम्हाला ठाऊक आहे. एवढं नाव कमावलंत. बदलू का ती ओळ?"

बद्रीनाथांनी दुसरी चप्पल घातली. विश्वजीतांकडे त्यांनी एकदा पाहिले. त्या नजरेत ना आभार होते ना नाराजी, एका जुन्या तपासनीसाने पास झालेला भाग ठेवून पुढचा उचलावा इतकेच होते. मग त्यांनी ती वही मिटली, जहांआरा बाईंच्या हातात दिली आणि ते बांधाच्या रस्त्याने, भर उन्हात, मान ताठ ठेवून निघून गेले.